गिरणीच्या पुलीचा नट

आमच्या घरात शिरायचं तर पिठातनंच शिरावं लागायचं. पुढच्या खोलीत गिरणी, तिच्यामागं स्वयंपाकघर, त्याच्यामागं गोठा आणि परसात शेवग्याचं झाड. तलाठी असो, पुण्याचा पाहुणा असो की सोयरीक घेऊन आलेला मामा असो, सगळे आधी पांढरे व्हायचे आणि मग आत येऊन पाणी प्यायचे. आईच्या भुवया काळ्या आहेत हे मला फक्त दिवाळीच्या आंघोळीनंतर दिसायचं. परवा नातसुनेनं विचारलं, "आजी, तुमच्या वेळी तोंडाला लावायला पावडर मिळायची का हो?" म्हटलं, बाई गं, आम्ही पावडरीतच वाढलो, वेगळी लावायची कशाला?

पिंपरी गाव आणि मुंबईचा रस्ता यांच्या मधे आमची गिरणी होती. रस्त्याच्या अंगाला औषधाचा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता, फाळणीनंतर वसवलेल्या कॅम्पात सिंधी कुटुंबं हळूहळू रुळत होती, आणि बाकी नजर जाईल तिकडं ज्वारी-बाजरी. वीज कारखान्याला होती, आम्हाला नव्हती. गिरणी तेलाच्या इंजिनावर चालायची. इंजिनाच्या धुराच्या नळीवर आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पत्र्याचा एक डबा उपडा घातला होता, त्यामुळं ‘पुक् पुक् पुक्’ असा आवाज पार काळेवाडीपर्यंत जायचा. तो कानावर आला की बाया दळणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन निघायच्या. आधी गहू, मग ज्वारी, शेवटी बाजरी, असा आमच्याकडं नेम. बाजरीवर गहू टाकला की चपात्या काळ्या होतात आणि गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. सिंधी बायका गहू घेऊन सकाळीच यायच्या. त्यांची भाषा आम्हाला कळायची नाही आणि आमची त्यांना, पण भांडण मात्र दोन्हीकडून बरोबर समजायचं.

या सगळ्या कारभाराची खरी मालकीण होती हौसाआत्या, आबांची धाकटी बहीण. तिला निघोज्याला दिली होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात नवरा तापानं गेला, आणि सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवून आणून आमच्या दारात सोडली. ती आली त्या दिवसापासून मी तिच्याजवळ झोपायला लागले. माझ्या वेण्या ती घालायची, माझ्या पायातले काटे ती काढायची, आणि चौथीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा तिनंच मला गिरणीवर उभी केली. ज्या वर्षाची ही हकिगत, तेव्हा मी चांगली पंधरा-सोळाची घोडी झाले होते आणि आत्या पंचविशीच्या आतबाहेर. कपाळ मोकळं, हात मोकळे, पण आवाज असा की इंजिनावरनं ऐकू जावा. "ए बाई, पाटी मागं घे! तुझ्या आधी ती हाय, डोळं हायत का बटनं?" बोलायला फटकळ आणि हसायला मोकळी. नुसत्या आवाजावरनं ती सांगायची की पट्टा सैल झालाय, की दगडाला टाकी लावायला झालीय, की कुणाच्या तरी ज्वारीत खडा आलाय.

तिचं पुढं काय, हे मात्र घरात कुणी बोलायचं नाही. माझ्या लग्नाची बोलणी लागली होती. म्हणजे मी जाणार, आबा-आई म्हातारे होणार, आणि ही जन्मभर दुसऱ्यांची दळणं दळत बसणार. तिच्या शेजारी पडल्यावर हा विचार मनात यायचा. आमच्यात पूर्वी विधवेचा पाट लावायचे. पाट म्हणजे दुसरं लग्नच, पण वाजंत्री नाही, मांडव नाही. आबांच्या आजोबांपर्यंत ते सर्रास चालायचं. पण गिरणी आली, लोक आबांना ‘शेठ’ म्हणायला लागले, आणि आबांना एकाएकी साक्षात्कार झाला की आपण मोठ्या घरचे. "आपल्यात पाट लावत न्हाईत," असं ते कुणी न विचारताच सांगायचे. घराचं मोठेपण असं बाईच्या मोकळ्या कपाळावर उभं करायचं, म्हणजे पुरुषाला काही तोशीस नाही. आबांवर माझा जीव होता, पण या एका गोष्टीचा मला अजून राग येतो. येऊ दे.

आता नटाकडं येते. इंजिनावरनं एक लांब कातडी पट्टा यायचा आणि गिरणीच्या पुलीवरनं फिरायचा. पुली म्हणजे लोखंडी चाक. ते चाक एका जाड दांड्यावर, शाफ्टवर बसवलेलं असायचं, आणि ते निसटू नये म्हणून शाफ्टच्या टोकाला आटे पाडून त्यावर माझ्या मुठीएवढा एक नट आवळलेला होता. आमचं इंजिन हिसके देत चालायचं. त्या हिसक्यांनी तो नट हळूहळू मागं फिरायचा आणि पुली ‘खट् खट्’ करायला लागायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आबांनी दूधवाल्याकडं दापोडीला निरोप दिला, आणि रविवारी सायकलवरनं दत्ताराम फिटर आला.

हा मूळचा रत्नागिरीकडचा. दापोडीला मोटारगाड्यांच्या कारखान्यात कामाला होता आणि रुळालगतच्या चाळीत एकटाच राहायचा. बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. माणूस ठेंगणा, हात मोठे, बोलणं जेवढ्यास तेवढं. हत्यारं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणायचा आणि काम झालं की एकेक पुसून परत गुंडाळायचा. त्या दिवशी त्यानं नट आवळला, वाकून बघितला, बोटानं टिचकी मारली. आत्या पदरानं नाक झाकून शेजारी उभी होती.

"कशानं सुटतोय ओ हा?" तिनं विचारलं.

"इंजिन हिसकं देतंय ना, म्हणून."

"मग परत सुटंल?"

"सुटला तर मी येतंय की."

झालं एवढंच बोलणं. पण नट पुन्हा सुटला, आणि तो पुन्हा आला. मग दोन-तीन आठवड्यांआड येतच राहिला. येताना कधी आमसुलं आणायचा, कधी आंब्याची साठं, एकदा तर गावाहून आलेला अख्खा फणस सायकलच्या मागं बांधून आणला. तो आम्हाला चिरता येईना, तेव्हा हाताला तेल लावून त्यानंच अंगणात बसून फोडला आणि आईनं आठळ्यांची भाजी केली. जेवायला आमच्याकडं नेहमीचंच असायचं: गिरणीतनं निघालेल्या कोमट बाजरीच्या पिठाची भाकरी, पिठलं, शेवग्याच्या शेंगांची आमटी, खर्डा. खर्डा खाल्ला की बिचाऱ्याच्या डोळ्यांतनं पाणी यायचं, पण नको म्हणायचा नाही. एका रविवारी आत्या आईला म्हणाली, "वैनी, आज भात टाका वो थोडा. रोज भाकरी खाऊन कटाळा येतो." आई माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसली. या बाईला जन्मात कधी भाकरीचा कंटाळा आला नव्हता. मग रविवारी आमच्याकडं भात शिजायला लागला. पंक्तीत आबांच्या पानावर भात आला की ते म्हणायचे, "आज काय सण हाय का काय?" आणि निमूट खायचे. आबांना इंजिनातलं सगळं कळायचं, माणसातलं जरा उशिरा.

एका दुपारी इंजिन बंद होतं, आई शेताकडं गेली होती, मी परसातनं सुपं घ्यायला आत आले तर आत्या पुलीपाशी उभी. हातात आमचा घरचा लांब दांड्याचा पाना, पदर खोचलेला, एक पाय भिंतीला लावलेला, आणि नट सोडवतेय. मी तशीच थबकले. तिनं मान वळवली. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहरा असा, की दुधाच्या पातेल्यात तोंड घातलेलं मांजर परवडलं.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग गप ऱ्हा. एक शब्द काढलास तर उद्यापास्नं तुझ्या वेण्या तूच घाल."

"आत्ये, अगं पुली सुटली म्हंजे?"

"सुटती कशी? उलीसाच ढिला करते. खट्ट वाजाया लागलं की मीच बंद करा म्हणून वरडते न्हवं?" मग पाना खाली ठेवला, हात पुसले आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "शांते, मानूस येतं, बसतं, जेवतं. मला कुनीतरी काय इचारतं. तेवढंच गं." मला रडू यायला लागलं. मी तिच्या गळ्यात पडले आणि आम्ही दोघी पिठात बसून आधी रडलो आणि मग कशाला कोण जाणे खूप हसलो. मी कुणाला सांगितलं नाही. ते मला बरोबरच वाटलं, आजही वाटतं.

पण हिसके देणारं इंजिन ते, त्याला आमची कुणाची दया कशी यायची! एका शनिवारी आत्या दुपारी नट ढिला करून पवना नदीवर धुणी धुवायला गेली. संध्याकाळी आपण इंजिन लावू, खट्ट वाजलं की थांबवू, असा तिचा हिशेब. एवढ्यात लग्नघरचं मोठं दळण येऊन पडलं आणि आबांनी इंजिन चालू केलं. मी वर गहू ओतत होते. खट् खट् ऐकू आलं, मी "आबा, आबा" म्हणून ओरडले, पण ते इंजिनापाशी मागं होते. नट पार टोकाला गेला, पुली डगमगली, आणि पट्टा निसटून जो फटका बसला तो माझ्या शेजारच्या भिंतीला. टांगलेला कंदील फुटला, भिंतीचा गिलावा पडला, आणि पट्टा सापासारखा जमिनीवर वळवळत राहिला. मला खरचटलंही नाही. आबांनी इंजिन बंद केलं आणि धावत येऊन मला नुसतं चाचपत राहिले, हात आहे का, डोकं आहे का. तेवढ्यात ओल्या धुण्याचं बोचकं घेऊन आत्या दारात आली. तिनं पट्टा बघितला, भिंत बघितली, मला बघितलं. बोचकं हातातनं सुटलं आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. त्या रात्री ती जेवली नाही. मला घट्ट धरून पडली होती आणि सारखी म्हणत होती, "माझ्या कर्माला तू बळी गेली असतीस गं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दूधवाल्याकडं निरोप गेला आणि फिटर आला. आबा संतापलेलेच होते. "फिटर, ह्यो खेळ बास झाला. काल माझी पोरगी गेली असती. आज असा बसवा की परत जन्मात खोलायला नको. कायमचा."

दत्ताराम गुडघ्यावर बसला. नट हातात घेऊन उजेडात फिरवून बघितला, आणि थांबला. त्याचा स्वतःचा पाना त्या नटावर नेमका बसायचा, ओरखडाही उठायचा नाही. आमचा घरचा पाना ढिला. तो घसरायचा आणि नटाचे कोपरे कुरतडायचा. नटाचे कोपरे ताजे कुरतडलेले होते, चांदीसारखे चमकत होते. त्यानं भिंतीला टेकवलेल्या आमच्या पान्याकडं बघितलं, मग मान वर करून आत्याकडं बघितलं. आत्या जमिनीवरचं पीठ झाडूनं गोळा करत होती. तिथं पीठ नव्हतंच. त्याला कळलं ते मला कळलं.

"कायमचा केला की मग मोकळा होणार नाय हा, शेठ," तो म्हणाला. "पुढं काढायचा झाला तर छिन्नीनं तोडूनच काढायला लागंल."

"काढायचाच न्हाई. ठोका तुमी."

आत्यानं झाडू खाली ठेवला. "फिटर, एकदा इचार करा," ती म्हणाली. "मागनं कवा तरी लागंल खोलायला."

"नाय लागायचा," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "माणसं वावरतात हितं."

मग त्यानं जाड वायसर घातला, नट चढवला, पान्याच्या दांड्यात पाइप अडकवून सगळा भार टाकून आवळला, इतका की पाइप वाकतोय की काय असं वाटलं. नटाच्या बाहेर शाफ्टचं टोक बोटाच्या पेराएवढं उरलं होतं. ते करवतीनं कापून थोडंसंच ठेवलं. आणि गोल डोक्याची हातोडी घेऊन त्या टोकाच्या कडेकडेनं ठोकायला सुरुवात केली. एका जागी जोरात नाही, हळूहळू, गोल गोल फिरत. लोखंड थंड होतं तरी थोडं थोडं पसरत गेलं, आटे चेपले गेले, आणि शेवटी शाफ्टचं तोंड नटावर अळंब्यासारखं पालथं झालं. आता नट मागं फिरायचा तर वाटच उरली नव्हती. माझा नातू चाकणला कंपनीत आहे. तो सांगतो, "आजी, आता ठोकाठोक नाही. आट्यांवर गोंदासारख्या औषधाचा एक थेंब टाकायचा, नट जन्मात हलत नाही." मी विचारलं, मग काढायचा झाला तर? म्हणाला, तापवायचा. म्हटलं, बरं आहे बाबा तुमचं. आमच्याकडं त्या दिवशी एकेक ठोका ऐकावा लागला. आत्या तोपर्यंत आत निघून गेली होती. चुलीपाशी बसून तिनं लाकूड एवढं आत सारलं की भात करपला.

जेवायला पानं मांडली. आत्या वाढायला आलीच नाही, आईनं वाढलं. दत्तारामनं हात धुतले, पाटावर बसला, पानाभोवती पाणी फिरवलं, आणि घास न घेता म्हणाला, "शेठ, एक बोलू का?"

"बोला की."

"आता नटासाठी काय मी येणार नाय. यायचं कारण माझ्या हातानं मीच बंद केलंय. तर सरळच सांगतंय. हौसाबाईंना मागणी घालतंय मी. माझी खोली हाय, पगार हाय, पुढं मागं कोण नाय. त्यांची इच्छा असंल तर."

आबांचा हात ताटातच राहिला. मला तर खर्ड्याचा ठसका लागला. मग आबांच्या डोक्यात एकदम काहीतरी लखलखलं, आणि ते नेमकं उलटंच.

"असं हाय व्हय!" ते म्हणाले. "म्हंजे इतकं दिस तू मुद्दाम ढिला ठेवीत हुतास! हितं यायला मिळावं म्हणून! आन् काल माझ्या पोरीच्या अंगावर पट्टा आला त्यो तुझ्यामुळं! फिटर न्हाईस, चोर हाईस तू!"

दत्तारामचा चेहरा उतरला. त्यानं एकदा आतल्या दाराकडं बघितलं आणि मान खाली घातली. "तसं समजा हवं तर," तो म्हणाला.

माझ्या जिभेवर शब्द आला होता, पण तो माझा नव्हता, आत्याचा होता. आणि ती आली. चुलीपुढनं उठून तशीच, हाताला राख, डोळे लाल. पानांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"दादा, त्यानं न्हाई. मी करत हुते."

"काय?"

"नट मी ढिला करत हुते. आपल्या पान्यानं. त्यानं दर बारीला चांगला बसवला. मी परत सोडवला. काल पोरीचं काय झालं असतं तर मी हिरीत उडी टाकली असती, पर त्याला चोर म्हनू नको. चोर मी हाय."

"का पर?" आबांना खरंच कळलं नव्हतं हो.

"त्यो यावा म्हणून!" आत्या ओरडली, इंजिन चालू असल्यासारखी. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

आबा पानावरनं उठले. आमच्याकडं भरल्या पानावरनं उठणं म्हणजे शेवटचं. जाता जाता म्हणाले, "आपल्यात पाट लावत न्हाईत." आणि तेव्हा माझी आई, जी आबांसमोर कधी तोंड उघडायची नाही, ती हातात भाताचं पातेलं घेऊन म्हणाली, "लावत न्हाईत? मग तुमच्या थोरल्या चुलतीला काय मांडव घालून, वाजंत्री लावून आणली हुती?" आबा तसेच बाहेर गेले. दत्तारामही उठायला लागला, तर आई म्हणाली, "बसा. अन्नावरनं एक उठला तेवढं पुरं." मग त्या भल्या माणसानं खाली मान घालून तो करपलेला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. निघताना म्हणाला, "मी पुढल्या रविवारी येतंय. नाय म्हणालात तर परत दारात दिसायचा नाय."

तो आठवडा कसा गेला ते आम्हालाच ठाऊक. आबा कुणाशी बोलेनात. नवरा-बायकोत बोलणं माझ्यातर्फे: "शांते, तुझ्या आईला म्हणावं पाणी दे." आत्या गिरणीवर उभी राहायची, दळायची, पण कुणाला ओरडेना. बायाच एकमेकींना विचारायला लागल्या की हिला बरं नाही का. आवाज नसलेली आत्या मला बघवेना. पट्टा सुरळीत फिरत होता, पुलीचं खट्ट बंद झालं होतं, आणि घरात नुसतं सुतक.

आठवडा सरत आला तेव्हा एका संध्याकाळी आबा गिरणीत आले. भिंतीचा तो जड पाना उचलून हातात तोलला, परत ठेवला. आत्या चाळणी झाडत होती.

"हौसे, ह्यो पाना तुला उचलला कसा गं? मला एका हातानं पेलत न्हाई."

"उचलला," आत्या म्हणाली.

आबा पोत्यावर बसले. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं पिठात रेघा ओढत राहिले. "एवढं मनात हुतं तर मला बोलायचं हुतं," ते म्हणाले. "मी काय राक्षस हाय?" आत्या चाळणी झाडत राहिली. ती बोलली असती तर काय बोलली असती ते आबांनाही माहीत होतं. मग ते म्हणाले, "लावू पाट. पर जुनी रीत हाय तशी. रातच्याला, दिवा बारीक करून, घरातल्या घरात. आन् पहाटं तांबडं फुटायच्या आत निघून जायाचं. पाटाच्या बाईचं तोंड त्या दिशी सवाष्णी बघत न्हाईत. गिरणीवर सतरा गावच्या बाया येत्यात. तोंडं फिरवतील, तुलाच वाईट वाटंल."

खरं सांगायचं तर आबांच्या दृष्टीनं ही केवढी मोठी उडी होती. मला वाटलं, आत्या पाया पडेल. ती चाळणी ठेवून उभी राहिली.

"न्हाई दादा. अंधारात मला त्या घरनं हितं आणून टाकली, सांजच्याला गाडीत घालून. हितनं मी अंधारात जायाची न्हाई. चोरून नट सोडला, तेवढी चोरी बास झाली. दिवसा जाईन. गिरणी चालू असताना, ह्या दारानं."

"आन् बाया?"

"फिरवू देत तोंडं. त्यांची दळणं मी केल्यात. त्यांच्या पाठी मला वळखीच्या हायत."

आबा डोक्याला हात लावून बसले. पण नाही म्हणाले नाहीत.

रविवारी दत्ताराम आला, त्याला आबांनी होकार सांगितला, आणि त्याच आठवड्यात पाट लागला तो भर सकाळी, स्वयंपाकघरात. माझ्या आईकडचे एक म्हातारे मामा आले होते, त्यांनी दोघांना शेजारी बसवून पदराची गाठ मारली. आईनं आत्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ते जरा वाकडंच लागलं. हिरवा चुडा, आबांनी आणलेलं हिरवं लुगडं. मी तिच्या केसांत अबोलीची वेणी माळली. जन्मभर तिनं माझी घातली, त्या दिवशी मी तिची. मला काही सुधरत नव्हतं, ती सुखात चाललीय याचा आनंद करावा की ती चाललीय म्हणून छाती पिटावी. शेवटी नाक ओढत ओढत फुलं माळली. आबा आत थांबलेच नाहीत. बाहेर इंजिनाचं ‘पुक् पुक्’ सुरू झालं तेव्हा कळलं, आत्यानं मागितलं होतं तशी गिरणी चालू झाली होती.

आम्ही आतल्या दारातनं पुढच्या खोलीत आलो. भिंतीकडेनं बाया उकिडव्या बसलेल्या, पुढ्यात पाट्या, बहुतेक सगळ्या सवाष्णी. बोलणं थांबलं. हिरव्या लुगड्यातली हौसा बघून एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. एकीनं खरंच तोंड भिंतीकडं केलं, मग तिच्या शेजारणीनं. आत्याची मान ताठ होती, पण माझा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता. दत्ताराम मागं, हत्यारांच्या फडक्याऐवजी आज तिचं कपड्यांचं बोचकं काखेत घेऊन. दार चार पावलांवर होतं, आणि एवढी लांबची वाट मी नंतर माझ्या सासरीही चालले नाही.

दाराजवळ एक म्हातारी बसली होती. मला तिचं नाव तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि नंतरही कळलं नाही. रहाटणीकडची असावी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तोंडात एक दात. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि वाटेतच उभी राहिली. आता ही काय बोलते, असं मला झालं.

"पदर पसर," ती आत्याला म्हणाली.

आत्याला कळेना.

"पदर पसर गं. नांदायला चाललीस न्हवं? रिकाम्या वटीनं जाऊ ने." आणि वाकून तिनं आपल्या पाटीतली ओंजळभर बाजरी घेतली आणि आत्याच्या पदरात घातली. निघोज्याहून आली त्या दिवसापासून आत्याची ओटी कुणी भरली नव्हती. हळदी-कुंकवाला ती मागच्या दारी जाऊन बसायची. ती त्या बाजरीकडं नुसती बघत राहिली. मग दुसरी उठली, तिनं ज्वारी घातली. तिसरीनं हरभऱ्याची डाळ. कॅम्पातल्या एका बाईला काय चाललंय ते कळलं की नाही देव जाणे, पण तिनं दोन ओंजळी गहू घातले आणि वर आत्याच्या गालावरनं हात फिरवला. भिंतीकडं तोंड केलेल्यांपैकी एक आपण मागं राहू नये म्हणून घाईनं उठली. एक मात्र शेवटपर्यंत भिंतीकडंच बघत बसली. असतं एकेक. पदर एवढा जड झाला की आत्याला तो दोन्ही हातांनी धरावा लागला. आणि मग ती रडली, मोठ्यानं, हमसून हमसून, इतक्या वर्षांचं एकदम.

रस्त्यावर दत्तारामनं टांगा आणून ठेवला होता. ती चढून बसली, ओटी मांडीवर घेऊन. टांगा हलला तेव्हा आबा इंजिन तसंच सोडून धावत बाहेर आले. हात तेलानं काळे, तोंड पिठानं पांढरं, आणि डोळ्यांखाली दोन ओघळ. मागं गिरणीचा एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं कळू नये.

"हौसे!" आबा ओरडले. "दिवाळीला ये! ऐकलंस का? दिवसा ये! दिवसाढवळ्या ये!"

आत्यानं टांग्यातनं मान बाहेर काढली, आणि इतके दिवस हरवलेला तिचा आवाज एकदम परत आला. "येते की! वरडतोस कशाला एवढं? समद्या गावाला ऐकू गेलं!"

"जाऊ दे!" आबा म्हणाले. "जाऊ दे ऐकू!"